पार्सल टॅक्स

२०२४ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. आमच्या टपालपेटीत एकाच दिवशी दोन पाकिटं येऊन पडली. एक पातळ, एक जाड. पातळ पाकिटात वर्षाची घरपट्टी होती. जाड पाकिटात नोव्हेंबरच्या निवडणुकीची मतपत्रिका होती आणि तिच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न होता : गावातल्या शाळांसाठी ही घरपट्टी वर्षाला आणखी १९८ डॉलरनं वाढवावी का? हो की नाही?

सॅन होजेच्या आसपासच्या या पट्ट्यात दगड भिरकावला तर तो संगणकतज्ज्ञालाच लागतो. पण ही दोन पाकिटं निदान एका दिवशी पोचू नयेत, एवढी अक्कल त्यांच्यातल्या कुणाला सुचलेली नाही. हॉटेलात जेवून तट्ट झालेल्या माणसापुढं आधी बिल ठेवायचं आणि तो आकडा वाचत असतानाच विचारायचं, "साहेब, आणखी दोन जिलब्या वाढू?" त्यातला हा प्रकार. आणि १९८ हा आकडा तरी कसा? बाटाच्या चपलेच्या किमतीसारखा. दोनशे म्हटलं असतं तर लोक दचकले असते.

आई तेव्हा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिनं चष्मा लावून मतपत्रिका हातात घेतली आणि पहिल्या मोठ्या शब्दांवर बोट ठेवलं.

"पार्सल टॅक्स? म्हणजे हॉटेलातून पार्सल आणलं की टॅक्स?"

"तसं नाही गं..."

"तसंच पाहिजे. रोज रोज बाहेरून मागवता कशाला? घरात चार भाकरी थापायला किती वेळ लागतो?"

त्या आठवड्यात आम्ही दोनदा डोसे पार्सल आणले होते. त्यामुळं बायकोनं माझ्याकडं आणि मी मतपत्रिकेकडं बघितलं.

इथं पार्सल म्हणजे जमिनीचा तुकडा. आपल्याकडं सातबाऱ्यावर गट नंबर असतो ना, तसा. आमच्या गावच्या ठरावाप्रमाणं अशा प्रत्येक तुकड्यामागं सरसकट १९८ डॉलर. त्यावर दोन खोल्यांचं घर असो, पोहण्याच्या तलावासकट हवेली असो, की लाखभर चौरस फुटांचा मॉल असो, पट्टी तेवढीच. गणपतीच्या वर्गणीतसुद्धा सराफाच्या पेढीला वेगळा आकडा आणि पानटपरीला वेगळा, एवढं तारतम्य मंडळाची पोरं ठेवतात. पण इथं ते ठेवायला कायदाच आडवा येतो. त्या कायद्याकडं येतोच, आधी आईचं समाधान करू.

तिनं दुसरं पाकीटही उघडलं होतं. घरपट्टीच्या बिलात वर एक टक्का मूळ कर. त्याखाली शाळांनी आणि कॉलेजांनी पूर्वी काढलेल्या कर्जरोख्यांचे हप्ते. त्याखाली किरकोळ पट्ट्यांची रांग : सांडपाणी, पूरनियंत्रण, ग्रंथालय आणि डास.

"डासांची पट्टी?"

"डास होऊ नयेत म्हणून औषध मारतात, त्याची."

"पण इथं डास कुठायत?"

"म्हणूनच."

आई थोडा वेळ गप्प बसली. साताऱ्याच्या आमच्या घराच्या पट्टीत संकलित कर असतो, वृक्ष कर असतो, शिक्षण करही असतो. डासांची पट्टी नसते, डास मात्र असतात. यातला शिक्षण कर १९६२ च्या राज्याच्या कायद्यानं आला. तो लावू का, म्हणून ना आजोबांना कुणी विचारलं होतं, ना वडिलांना. पट्टी आली, भरली, पावती तारेला लावली. आईला नवल वाटलं ते टॅक्सचं नव्हे, विचारण्याचं. "आधी विचारतात होय!" ती म्हणाली. "मग सगळे नाहीच म्हणत असतील."

इथं आई नेमकी चुकली, आणि का चुकली ते सांगायचं तर कॅलिफोर्नियाचं तेरावं सांगावं लागतं.

आपल्याकडं माणसाचं तेरावं एकदाच घालतात. कॅलिफोर्नियातलं १९७८ पासून चालू आहे. त्याचं नाव प्रॉपोझिशन १३. सत्तरीच्या दशकात इथं घरांच्या किमती वारू सुटल्यासारख्या धावू लागल्या, आणि किमतीमागं घरपट्टी. राहतं घर तेच, पगार किंवा पेन्शन तेच, पण पट्टी दोन-तीन वर्षांत दुप्पट. विकायचं नसलेल्या घराची किंमत वाढल्याचा आनंद फक्त कर खात्याला होत होता. तेव्हा हॉवर्ड जार्व्हिस नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे एक खवट गृहस्थ आणि त्यांचे जोडीदार पॉल गॅन यांनी सह्या गोळा केल्या आणि ६ जून १९७८ ला जवळजवळ दोन तृतीयांश मतांनी राज्यघटनाच बदलून घेतली. मूळ पट्टी एक टक्क्याच्या वर नाही. घराची किंमत कागदावर १९७५ ची धरायची, पुढं वर्षाला फार तर दोन टक्के वाढवायची. घर विकलं गेलं तरच नव्या मालकाला खरा भाव. आणि गावाला एखाद्या खास कामासाठी जादा कर हवा असेल, तर दोन तृतीयांश मतं आणा.

घरपट्टीचं उत्पन्न एका वर्षात निम्म्याहून खाली आलं. 'टाइम' साप्ताहिकानं जार्व्हिसबुवांना मुखपृष्ठावर छापलं. विरोधात प्रचार करणारे गव्हर्नर जेरी ब्राऊन निकालानंतर असे काही बदलले, की ही कल्पना त्यांचीच होती की काय असं लोकांना वाटू लागलं. (आपल्याकडं यासाठी पक्ष बदलावा लागतो. त्यांनी तेवढ्यावर भागवलं.) जार्व्हिस पुढं १९८० मध्ये 'एअरप्लेन!' नावाच्या विनोदी सिनेमातही झळकले. काम छोटंसं. टॅक्सीवाला गिऱ्हाइकाला गाडीत बसवून निघून जातो, आणि हे गृहस्थ सिनेमा संपेपर्यंत मागच्या सीटवर बसून राहतात. मीटर पडतंय. आयुष्यभर मीटर थांबवायला झटलेल्या माणसाला ही भूमिका ज्यानं दिली, त्याला माझा साष्टांग नमस्कार.

या तेराची दहशत अशी, की मार्च २०२० मध्ये शाळांच्या इमारतींसाठी पंधरा अब्ज डॉलरच्या कर्जरोख्यांचा एक ठराव राज्यभर मतदानाला आला, त्याला योगायोगानं नंबर मिळाला १३. इथं नंबर दर दहा वर्षांनी पुन्हा एकपासून सुरू होतात, त्यात हा आकडा त्याच्या वाट्याला आला. जुन्या तेराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तरी ठराव पडला, आणि पडल्यावर निम्मी चर्चा त्या नंबरावरच झाली. आपल्याकडं मांजर आडवं जातं, इकडं आकडा जातो.

आता गंमत बघा. २०२४ च्या त्याच मतपत्रिकेवर राज्याचा आणखी एक ठराव होता. शाळांसाठी दहा अब्ज डॉलर कर्ज काढायचं. त्याला बहुमत किती लागतं? निम्म्याहून एक जास्त. गावच्या शाळेनं इमारतीसाठी काही कोटींचे कर्जरोखे काढायचे म्हटले तर पंचावन्न टक्के. ही सवलतही २००० साली वेगळं मतदान घेऊन मिळवावी लागली. आणि घरामागं १९८ डॉलर, ज्यातून गाण्याच्या बाईंचा पगार आणि ग्रंथालयाची कुलूपकिल्ली चालायची, त्याला सहासष्ट पूर्णांक सदुसष्ट शतांश टक्के. रक्कम जेवढी लहान तेवढं बहुमत मोठं. राज्याचा तो दहा अब्जांचा ठराव पासही झाला, कुणी हूं की चूं केलं नाही. दहा अब्ज किती असतात हे कुणाच्याच डोळ्यांपुढं येत नाही. १९८ येतात.

प्रश्न विचारायलाही नियम आहे. मतपत्रिकेवरची प्रश्नाची शब्दमर्यादा पंच्याहत्तर. सल्लागार मंडळी पैसे घेऊन हे पंच्याहत्तर शब्द रचून देतात, आणि एकही शब्द शिल्लक ठेवत नाहीत. त्यामुळं तयार होतं ते एकच वाक्य. विज्ञान-गणित-वाचनाचा उत्कृष्ट दर्जा राखण्यासाठी, उत्तम शिक्षक आणण्यासाठी व आणलेले टिकवण्यासाठी, कला-संगीत जपण्यासाठी, ज्येष्ठांना सूट देऊन, नागरिकांच्या देखरेखीखाली, एक छदामही साहेबांच्या पगाराला न जाता... मंगलाष्टकं चालू आहेत आणि आपण अक्षता मुठीत धरून 'सावधान' कधी येतंय याची वाट बघतोय, असं वाटतं. 'सावधान' शेवटी येतं, आकड्याच्या रूपानं.

कोजागिरीला आमच्यातल्या एकाच्या परसदारी मसाला दूध होतं. हवेत गारवा, पातेल्यात केशर, चंद्र शेजाऱ्याच्या सायप्रसच्या वर. लक्ष्मी 'को जागर्ति' विचारत फिरते त्या रात्री आम्ही अकराजण पार्सल टॅक्सवर दोन तास भांडलो. एकाचं म्हणणं, शाळेला पैसा कमी पडतो कसा? आपली एवढाली घरं, एवढाली पट्टी! दुसऱ्यानं त्याला २०१३ चं सूत्र समजावलं. गव्हर्नर पुन्हा तेच जेरी ब्राऊन. राज्य आता गरीब घरची मुलं, इंग्रजी शिकणारी मुलं आणि फॉस्टर घरांतली मुलं यांच्या संख्येवर शाळांना जादा पैसा देतं. ते न्यायाचंच आहे. पण आमच्या गावात अशी मुलं थोडी, म्हणून जादा पैसाही थोडा. म्हणजे पंधरा लाखांच्या घरांच्या मधोमध असलेली शाळा छपाईचा कागद पालकांकडून मागते. तिसऱ्यानं विचारलं, "मग पालो आल्टोचं बरं कसं चालतं?" तर तिथल्या पट्टीचं उत्पन्नच इतकं, की राज्याच्या सूत्राला ओलांडून वर उरतं, आणि उरलेलं शाळेलाच राहतं. "म्हणजे चुकीच्या गावात घर घेतलं," असं म्हणून त्यानं दुधाचा तिसरा पेला घेतला.

इथल्या मराठी मंडळाच्या खजिनदारांचा मुलगा जूनमध्ये बारावी होऊन कॉलेजात गेला होता. जूनपर्यंत ते शाळेच्या प्रत्येक वर्गणीला पहिले. आता त्यांना अचानक सरकारी उधळपट्टी दिसू लागली होती. "तत्त्वाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. दुसऱ्या एका गृहस्थांचं वय त्रेसष्ट. पासष्टीपुढच्या घरमालकांना अर्ज केल्यास पट्टी माफ, हे ऐकून ते हिशेबाला लागले होते. "जन्मतारखेनं नाही होत," ते म्हणाले, "पण अधिक महिने धरले तर?" विराटपर्वात भीष्मानं अधिक मास मोजूनच पांडवांची तेरा वर्षं पुरी करून दिली होती. (तिथंही तेराच!) कुणीतरी फोनवर भागाकार केला. अधिक महिने धरले तर त्रेसष्टाचे खरोखर पासष्टला जेमतेम टेकतात. आता काउंटीला पंचांग पटवून द्यायचं तेवढं बाकी.

दोन तासांनी यजमानांच्या मुलीनं, वय सोळा, एक साधा प्रश्न विचारला. "तुमच्यापैकी मत कोण कोण देऊ शकतं?"

शांतता पसरली. अकरांपैकी सहाजण ग्रीन कार्डाच्या रांगेत. भारतीयांची ती रांग इतकी लांब, की पहिल्या टोकाला उभं राहिलेल्याची मुलं शेवटच्या टोकाला कॉलेजातून बाहेर पडतात. दोघांकडं ग्रीन कार्ड होतं, पण त्यावर मत देता येत नाही. मतदार निघालो तिघं. खजिनदार, भीष्माचार्य आणि मी. आठ घरं पट्टी भरणार, पण त्यांना विचारणार कुणी नाही. उलट कोपऱ्यावरच्या इमारतीत भाड्यानं राहणारी नागरिक मंडळी खुशाल हो म्हणणार, त्यांच्या नावानं बिल येणार नाही. घरमालक भाड्यात काढून घेईल ते निराळं, पण त्या ओळीला नाव नसतं. इंग्रजांच्या राजाशी अमेरिकेचं वाजलं ते याच कारणावरून ना? आम्ही मात्र कुणाचा चहा समुद्रात टाकला नाही. उलट राहिलेलं दूध वाटून घेतलं.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या सभागृहात माहितीसभा होती. सार्वजनिक पैशानं प्रचार करायचा नाही, फक्त माहिती द्यायची, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ सालीच सांगून ठेवलंय. त्यामुळं शिक्षण खात्याच्या साहेबांची अवस्था मुलगी बघायला आलेल्या मंडळींपुढं बसलेल्या वडिलांसारखी होती. सगळं सांगायचं, पण मनातलं सांगायचं नाही.

"ठराव पडला तर गाण्याचा तास बंद होणार का?" एका बाईंनी विचारलं.

"गाण्याच्या एक शिक्षिका सध्या चार शाळा सांभाळतात, ही माहिती मी देऊ शकतो."

"म्हणजे आम्ही हो म्हणावं, असं तुमचं मत?"

"मतदान ५ नोव्हेंबरला आहे, ही माहिती मी देऊ शकतो."

"तुम्ही स्वतः काय करणार?"

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. घामानं त्यांच्या निळ्या सदऱ्याची काख काळी झाली होती. "मी," ते म्हणाले, "दुसऱ्या गावात राहतो."

शनिवारी दोन आया चार पोरांना घेऊन दारावर आल्या. हातात रंगीत पत्रकं. कार्यकर्त्यांना ही बंदी नसते, त्यांनी मनसोक्त प्रचार केला. दार आईनं उघडलं होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे त्या बोलल्या आणि ती मान डोलवत राहिली. पोरांच्या हातावर एकेक रव्याचा लाडू ठेवला आणि मला हाक मारली. "अरे, शाळेची वर्गणी मागायला आल्यात. पण पावतीपुस्तक दिसत नाही."

"पैसे नकोत त्यांना. मत पाहिजे."

"वर्गणी मागायला यायचं आणि पैसे न्यायचे नाहीत? मग आल्या कशाला?"

आईच्या आजेसासूबाई दळायला बसताना जात्यात घालायच्या आधी एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकायच्या. ते मडकं भरलं की रयतच्या वसतिगृहाची पोरं घेऊन जायची. कर्मवीरांनी १९१९ मध्ये काल्याला संस्था काढली, आणि पुढं साताऱ्याकडच्या घरोघरच्या मुठींवर कितीतरी बोर्डिंगं चालली. मुष्टिफंड म्हणत त्याला. या मुठीला ना पंच्याहत्तर शब्द होते, ना दोन तृतीयांश. जातं फिरवणाऱ्या बाईनं ठरवलं की झालं. मी हे आयांना इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. त्यांना एवढंच कळलं, की माझ्या पणजीचा शाळेला पाठिंबा होता. त्यांनी वहीत आमच्या घरापुढं 'हो' अशी खूण केली.

खरं सांगतो, माझा 'हो' पणजीच्या मुठीइतका सोवळा नव्हता. पोरगं सातवीत, पट्टी आठ वर्षांची. सरळ हिशेबानं माझे शेवटच्या काही वर्षांचे पैसे फुकट. पण इथं घराचे भाव शाळेच्या गुणांवर ठरतात. घर घ्यायला आलेला माणूस आधी शाळा विचारतो, मग छप्पर गळतं का ते. शाळा घसरली तर घर घसरलं. तेव्हा १९८ डॉलर मी शाळेला देत नव्हतो, स्वतःच्या छपराला डागडुजी करत होतो.

शेजारच्या आजोबांचा मात्र मी मनातून राग करायचो. त्यांनी घर घेतलं १९७६ मध्ये, साठ हजार डॉलरला. वर्षाला दोन टक्के धरून आज त्यांच्या घराची कागदावरची किंमत होते दीड लाखाच्या थोडी वर. मूळ पट्टी पंधराशे. मी २०१६ ला त्याच मापाचं, त्याच बांधणीचं, त्यांच्या कुंपणाला चिकटलेलं घर घेतलं १४ लाखांना. माझी मूळ पट्टी सोळा हजार. तोच रस्ता, तोच दिवा, तीच शाळा, तेच नसलेले डास. त्यांच्या दहापट मी भरतो, आणि शिवाय त्यांच्या पर्सिमॉनच्या झाडाची पानं माझ्या अंगणात पडतात.

हा अन्याय मी समोर नव्यानं राहायला आलेल्या तरुणापुढं मांडत होतो. तो शांतपणे म्हणाला, "मी २०२२ ला २५ लाखांना घेतलं." म्हणजे त्याची पट्टी पंचवीस हजारांच्या वर. तो माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. मी आजोबांकडं बघायचो तीच. त्या दिवसापासून प्रॉपोझिशन १३ मध्ये काहीतरी शहाणपण असलं पाहिजे, असं मला वाटू लागलंय. आणखी वीस वर्षांनी मी कट्टर होईन, असा अंदाज आहे.

आजोबा एका संध्याकाळी पिशवीभर पर्सिमॉन घेऊन आले. आईनं त्याचं शिकरण करायचा घाट घातला होता, तिला ती पिशवी हवीच होती. मी विषय काढला. म्हटलं, तुम्हाला तर वयामुळं माफी असेल.

"असते. अर्ज भरत नाही."

"का?"

"चष्मा सापडत नाही," ते म्हणाले. मग पायरीवर बसले. १९७८ ला त्यांनी तेराला हो म्हटलं होतं. पट्टीनं जीव काढला होता, दुसरा इलाज नव्हता. त्याच उन्हाळ्यात राज्यभर उन्हाळी शाळा रद्द झाल्या. त्यांच्या तीन मुली तीन महिने घरात. "बायको मला रोज विचारायची, किती वाचले? मी सांगायचो आकडा. ती म्हणायची, उद्या तू घरी थांब, मी ऑफिसला जाते." तेव्हापासून शाळेच्या प्रत्येक ठरावाला हो म्हणतो, असं ते म्हणाले. त्या उन्हाळ्याचं व्याज फिटत नाही.

माझं मन भरून आलं. त्या भरात मी म्हटलं, मग तेराच का रद्द करू नये?

आजोबा पायरीवरून उठले. पर्सिमॉनची पिशवी परत घेतात की काय, असं क्षणभर वाटलं. "तेराला हात लावायचा नाही," ते म्हणाले आणि फाटक लावून गेले.

मी मतपत्रिका भरली, पाकिटावर सही केली, चौकातल्या पेटीत टाकली. पाकिटात 'मी मत दिलं' असं छापलेलं गोल चिकटपट्टीचं चित्र आलं होतं. ते आईनं लोणच्याच्या बरणीला लावलं, कारण तिला कैरीची आणि लिंबाची बरणी ओळखू येत नव्हती.

निवडणुकीच्या रात्री आमचा ठराव दोन तृतीयांशाला केसभर कमी होता. इथं मोजणी आठवडेच्या आठवडे चालते. शेवटच्या दिवशी टपालात पडलेली पाकिटं आठवडाभर येतच राहतात, मग प्रत्येक सही ताडून बघतात. रोज संध्याकाळी नवा आकडा. खजिनदारांचा फोन यायचा, "घसरलं!" शाळेतल्या आयांचा निरोप यायचा, "चढलं!" शेअर बाजार मी एवढ्या मन लावून बघितला असता तर १९८ डॉलरची चर्चाच करावी लागली नसती.

आणि एके दिवशी काउंटीचं पत्र आलं. माझ्या मतपत्रिकेच्या पाकिटावरची सही दप्तरातल्या सहीशी जुळत नाही, सबब मत बाजूला ठेवलंय.

मला आठवलं. नागरिकत्वाची शपथ घेतली त्याच दिवशी मतदार नोंदणीचा अर्ज भरला होता. ऊर भरून आला होता, आणि त्या भरात मी ऐटीत मराठीत सही ठोकली होती. पाकिटावर मात्र रोजची, बँकेतली, इंग्रजी वेटोळं. ज्या माणसानं कोजागिरीला दोन तास व्याख्यान दिलं, माहितीसभेला हजेरी लावली, पणजीला प्रचारात उतरवलं, त्याचंच मत तेवढं लटकलेलं. सोबतच्या अर्जावर पूर्वीसारखी सही करून पाठवा, असं लिहिलं होतं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या कडेला मी सात-आठ वेळा सराव केला. आई मागं उभी राहून बघत होती.

"ही तुझी सही नाहीच," ती म्हणाली. "दहावीच्या दाखल्यावर बघ. तिथं वेलांटीला शेपूट आहे."

शेपटासकट सही करून अर्ज पाठवला. डिसेंबर उजाडला. ठराव पडला. शंभरातल्या सहासष्टांनी हो म्हटलं आणि पडला. खजिनदार त्या रात्री पेढे वाटणार होते, पण चौतीस टक्क्यांच्या विजयाचे पेढे किती आणायचे, यावर त्यांचं आणि बायकोचं एकमत झालं नाही. शाळेची पुन्हा २०२६ ला मागायची तयारी सुरू झाली. १० डिसेंबरच्या आत घरपट्टीचा पहिला हप्ता भरायचा म्हणून मी संगणकावर बसलो होतो. डासांसकट सगळ्या ओळी भरत असताना फोन वाजला. मतपत्रिकेचा माग ठेवणाऱ्या राज्याच्या यंत्रणेचा संदेश होता : तुमचं मत मिळालं आणि मोजलं गेलं, आभारी आहोत.

आईनं फोन हातात घेतला, लांब धरून वाचला, आणि काय लिहिलंय ते मला दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे पावतीच की ही," ती म्हणाली. "वर्गणी दिली नाही, आणि पावती घरपोच!"

मग तिनं त्या संदेशाचा फोटो काढायला लावून साताऱ्याच्या मावशीला पाठवला.